कडव्या वालाचे स्फटिक

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं संशोधन मी टीव्हीसमोर पाय पसरून, मांडीवर परात घेऊन केलं, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करते. थोडी करतेही. पण ते खोटं नाही.

आर्थिक उदारीकरणानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही मयूर विहारच्या एका सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो. नवरा केंद्र सरकारच्या कार्यालयात, मी दक्षिण दिल्लीतल्या एका संस्थेत जीवरसायनशास्त्राची संशोधक, आणि तीही कंत्राटी. सोसायटीत लिफ्ट होती पण ती चालत नव्हती, पार्क होता पण त्यात झाड नव्हतं, केबल मात्र घराघरात पोचली होती. सकाळी कोपऱ्यावरून चार्टर्ड बस पकडायची, नाकाला रुमाल लावून यमुनेचा पूल ओलांडायचा आणि वाटभर नोएडातल्या नव्या कंपन्यांच्या गप्पा ऐकायच्या. कोणाला कुठे लागली, गाडी न्यायला येते का, ऑफिसात एसी आहे का. आमच्या बसमध्ये तेव्हा दुसरा विषयच नसायचा.

माझा विषय होता कडवे वाल. वालाचं बी कोरडं असतं तेव्हा त्यातलं एक एन्झाईम जवळजवळ निजलेलं असतं. बी भिजलं, मोड आला, की ते जागं होतं आणि बीमध्ये साठवलेली प्रथिनं तोडून कोंबाला भरवायला लागतं. ते हे काम नेमकं कसं करतं हे समजायचं तर त्याची घडण दिसायला हवी. ती साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. आधी त्या एन्झाईमचे स्फटिक करावे लागतात, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि ते कसे विखुरतात त्यावरून आतली रचना मांडायची. स्फटिक होणं हीच मोठी अडचण. असंख्य रेणूंनी अगदी एकसारखं होऊन एकावर एक बसायचं असतं. पोळ्या एका मापाच्या असल्या तर चवड सरळ उभी राहते, एखादीला कणकेचा गोळा चिकटून राहिला तर कलंडते. तसंच हे.

वालच का घेतले, या प्रश्नाला मुलाखतीत मी लांबलचक शास्त्रीय उत्तर दिलं होतं. खरं उत्तर असं, की मी अलिबागकडची आणि वालाइतकी दुसऱ्या कुठल्या कडधान्याची मला ओळख नव्हती. दिल्लीत कडवे वाल मिळत नाहीत. आई ते पिशवीत शिवून कोणाबरोबर तरी पाठवायची. गावाकडून कोणी दिल्लीला आलं की बहुतेक वेळा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात उतरायचं, नाहीतर तिथे जेवायला तरी यायचंच. कधी मंत्रालयात काम घेऊन आलेले काका, कधी यूपीएससीची तयारी करायला आलेली मुलं. मी तिथल्या कँटीनमध्ये जायचे, थालीपीठ खायचे आणि वालाची पिशवी घेऊन घरी यायचे.

वालाला मोडही मी घरीच आणायचे. लॅबमधल्या उबदार कपाटात इतरांच्या जिवाणूंच्या बशा असायच्या, तिथे खायची वस्तू ठेवायला माझं मन घेत नसे. मग घरी रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून टांगायचे. मोड चांगले तरारले की संध्याकाळी कोमट पाण्यात टाकायचे आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर सोलत बसायचो. नवरा पुण्याचा, त्याला वाल सोलायची सवय नव्हती. "तुझ्या शोधनिबंधात माझंही नाव घाल," म्हणायचा, आणि क्रिकेट बघता बघता अर्ध्या डाळिंब्या चिरडायचा. सोललेल्या डाळिंब्या डब्यात भरायच्या, डबा बर्फाच्या पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि मी बसमध्ये. शेजारच्या बाई रोज विचारायच्या, "आज टिफिन में क्या है?" मी सांगायचे, "एन्झाईम." त्या बिचाऱ्यांना वाटायचं हा एखादा मराठी पदार्थ असेल.

पुढचं काम कोल्ड रूममध्ये. बाहेर दिल्लीचा मे महिना रटरटत असायचा आणि मी आत स्वेटर, कानटोपी घालून डाळिंब्या वाटायचे, गाळायचे, एन्झाईम वेगळं काढायचे. शेवटी त्याचे बारीक थेंब काचेच्या पातळ चकत्यांवर ठेवायचे, चकत्या उलट्या करून ग्रीसने बंद करायच्या आणि वाट बघायची. बहुतेक थेंबांत काहीच होत नाही. काहींत नुसता गाळ बसतो. मी दीड-दोन वर्षं गाळच पाहत होते.

आणि एका सकाळी स्फटिक दिसले. लहान पण रेखीव, कडा धारदार, प्रकाश फिरवला की रंग बदलणारे. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, परत लावला. मग कोल्ड रूममध्ये एकटीच मोठ्याने हसले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं आहे.

आमचे विभागप्रमुख आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "नमक होगा."

हे अपमान करायला म्हटलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. थेंबात क्षारही असतात आणि त्यांचेही असेच देखणे स्फटिक होतात. आमच्या धंद्यात या एका चुकीने भल्याभल्यांची फजिती झालेली आहे. प्रमुखांची स्वतःची झाली होती. तरुणपणी त्यांनी अशाच स्फटिकांसाठी अख्ख्या विभागाला बर्फी वाटली, आणि ते मीठ निघालं. लोक अजून मागून हसायचे. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे सुई. क्षाराचा स्फटिक सुईने दाबला तर टक्‌ करून फुटतो. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, आवाज न करता भुगा होतो. मी म्हटलं, "सर, आत्ता सुई लावून दाखवते." ते म्हणाले, "सुई मी लावीन. पण आधी दुसऱ्या कोणाच्या तरी हातून हे होऊ दे. एका माणसाच्या हातगुणावर मी मशीन देत नाही."

मशीन म्हणजे क्ष-किरणांचं यंत्र. विभागात ते एकच होतं आणि त्यासाठी रांग होती. ते मिळालं नाही तर माझं काम तिथेच थांबणार होतं, आणि काम थांबलं तर हिवाळ्यात संपणारं कंत्राट पुन्हा कोणी दिलं नसतं. थोडक्यात, दुसऱ्या कोणाच्या तरी थेंबात स्फटिक यायला हवे होते, नाहीतर मी संशोधनातून बाहेर.

हा दुसरा कोणीतरी म्हणजे माझा सहकारी, गोरखपूरकडचा. कामाला अतिशय नेटका आणि प्रामाणिक. प्रमुखांनी अट घातली, की कोरड्या बियांपासून शेवटच्या थेंबापर्यंत सगळं त्याने करायचं, आणि तो काम करत असताना मी त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. मी त्याला बसवून सगळं सांगितलं. वाल किती भिजवायचे, मोड केवढा झाला की थांबायचं, वाटताना बर्फ किती, क्षार कुठल्या क्रमाने. त्याने दोनदा परत विचारलं, मी दोनदा परत सांगितलं. मला खात्री होती. मी तर यंत्रासाठी लागणाऱ्या काचेच्या नळ्याही धुऊन ठेवल्या.

त्याच्या थेंबांत गाळ आला.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा गाळ. विभागात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, बाई घरून काय आणतात कोणाला ठाऊक. हे माझ्या कानावर आलं. मी लबाडी केली असं ज्याला वाटतं त्याने समोर येऊन बोलावं, असं मी चहाच्या वेळेला सगळ्यांदेखत मोठ्याने म्हटलं. कोणी आलं नाही. सगळ्यांना एकदम आपापल्या चहात साखर ढवळायची आठवण झाली.

त्याच आठवड्यात नोएडाच्या एका नव्या खाद्यपदार्थांच्या कंपनीचा निरोप आला. बसमधल्या ओळखीतूनच. त्यांना वेफर्स आणि सॉस तपासायला प्रयोगशाळेत माणूस हवा होता. पगार माझ्या कितीतरी वर, न्यायला-आणायला गाडी. नवरा म्हणाला, "यार, वाईट काय आहे त्यात? बघ तरी एकदा जाऊन." तो प्रेमानेच म्हणाला होता. पण माझे स्फटिक खरे होते, मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि सॉस तपासायला जायचं म्हणजे ते मीठ होतं हे कबूल करणं. मी त्याच्याशी भांडले. मग स्वयंपाकघरात गेले आणि पिशवीत उरलेले सगळेच्या सगळे वाल भिजत घातले. म्हटलं, जळलं मेलं ते संशोधन, निदान बिरडं तरी खाऊ.

बिरडं झकास झालं. आमसूल, गूळ, वरून ओलं खोबरं. राग आला की माझ्या हाताला चव येते असं घरचे म्हणतात. दुसऱ्या दिवशी तेच डब्यात नेलं. सहकारी हिरमुसला होऊन माझ्या समोर बसला. माझं काम आपल्या हातून बिघडतंय याचं त्याला माझ्याइतकंच वाईट वाटत होतं. मी डबा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने दोन घास खाल्ले. "मैडम, ये कौन सी दाल है? बड़ी अच्छी बनी है."

"महीने भर से आप इसी को तो पीस रहे हैं."

"नहीं नहीं. वो तो भूरे होते हैं. ये तो सफ़ेद है."

"छिलके उतारने के बाद सफ़ेद ही होंगे ना."

त्याचा हात थांबला. "छिलके उतारने थे?"

"आपने छिलकों के साथ पीसा?"

"आपने उतारने को कहा ही नहीं."

"इसमें कहने का क्या था!" मी ओरडले. आजूबाजूचे लोक वळून पाहायला लागले. मला मात्र एकदम हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. वाल न सोलता वाटायचे हे माझ्या डोक्यात जन्मात आलं नसतं. तांदूळ निवडून घ्या, असं आपण कोणाला सांगतो का? आणि त्याच्या घरी कधी वाल शिजलेच नव्हते, तर त्याला ते सुचावं तरी कुठून? तो म्हणतो चूक माझी, मी म्हणते त्याची. हा वाद आम्ही अजूनही घालतो.

"आपका रस किस रंग का आता था?" मी विचारलं.

"भूरा. चाय जैसा."

माझा दुधासारखा यायचा. आता सगळं उलगडलं. वालाच्या सालात टॅनिन असतं, तेच जे सुपारी खाल्ल्यावर तोंड तुरट करतं. सालासकट वाटलं की ते प्रथिनाला चिकटतं, कुठे कमी कुठे जास्त. मग कुठलेच दोन रेणू सारखे राहत नाहीत, आणि चवड कलंडते. आमच्या घरी कोमट पाण्यात आणि नवऱ्याच्या क्रिकेटमध्ये जी सालं निघत होती, त्यांच्याबरोबर ही सगळी पीडा आधीच निघून जात होती.

उष्ट्या हातानेच मी प्रमुखांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "दो बार फेल होने के बाद आज नया स्टेप पैदा हुआ?"

"सर, ये स्टेप मेरे पैदा होने से पहले का है. आपके यहाँ आज पहुँचा है."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसले नाहीत. एकदाच आणखी, म्हणाले, आणि हे शेवटचं. मी म्हटलं, या वेळी स्फटिक आले नाहीत तर कंत्राट संपायची वाट बघणार नाही, मीच राजीनामा देईन. घरी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. "हे बोलायची काही गरज होती का?" गरज नव्हती. पण मला भीती वाटत नव्हती. एकदा कारण कळलं की मग मला भीती वाटत नाही, हा माझा स्वभाव आहे.

अडचण एकच होती. वाल आम्ही खाऊन बसलो होतो.

मार्केटमधल्या एसटीडी बूथवरून आईला फोन केला. म्हटलं, वाल पाठव, लवकर आणि भरपूर. ती म्हणाली, "अगं, गेल्याच महिन्यात तर पाठवले. एवढं कोण जेवायला येतंय तुझ्याकडे?" मीटर पळत होता म्हणून मी एवढंच म्हटलं, की माझी नोकरी त्यावर आहे. त्यावर तिने एकही प्रश्न विचारला नाही. पिशवी आली ती दिल्लीला निघालेल्या एका शिक्षकांबरोबर. मी अतिथिगृहावर गेले, त्यांना चहा पाजला आणि रिक्षात पिशवी पोटाशी धरून घरी आले.

प्रमुखांची अट कायम होती. मी हात लावायचा नाही. मी लॅबच्या उंबरठ्याबाहेर स्टूल टाकून बसले. आत सहकारी कोमट पाण्यातले वाल सोलत होता आणि ते त्याच्या बोटांतून निसटून खोलीभर उडत होते. एक तर थेट वजनकाट्यावर जाऊन पडला. मला राहवेना. मी बाहेरून ओरडत होते, "दबाइए मत! चिमटी में पकड़ के सरकाइए! अहो, सरकाइए!" तो घामाघूम. मधे प्रमुख तिथून गेले, जमिनीवरच्या डाळिंब्या पाहिल्या, मला म्हणाले, "ये हर बार करना पड़ेगा?"

"हर बार, सर."

संध्याकाळी तो काचेचं भांडं घेऊन दाराशी आला आणि वर धरून दाखवलं. रस दुधासारखा होता.

मग पुन्हा थेंब, पुन्हा चकत्या, पुन्हा वाट बघणं. त्या दिवसांत मी घर लख्ख केलं, पडदे धुतले, आईला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. नोएडाच्या लोकांचा परत निरोप आला, त्यांना कळवलं की सध्या येत नाही. एका सकाळी मी बसमधून उतरून संस्थेत पोचले, तर सहकारी फाटकापाशीच उभा होता. स्वेटर घातलेला, कानटोपी डोक्यावर तशीच. "चलिए," म्हणाला. बाकी चेहऱ्यावर होतंच.

स्फटिक माझ्या स्फटिकांपेक्षा मोठे आले होते. एका थेंबात नाही, ओळीने कितीतरी थेंबांत. मला थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

प्रमुखांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि म्हणाले, "सुई." कोल्ड रूममध्ये आम्ही तिघं, पंख्याची घरघर चाललेली. त्यात तो टक्‌ ऐकू आला नसता, म्हणून त्यांनी पंखा बंद करायला लावला. प्रमुखांनी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला, सुई खाली नेली आणि दाबली.

काही ऐकू आलं नाही.

त्यांनी दुसरा दाबला. तिसरा. त्या बर्फीची आठवण त्यांना येत असणार, असं मला वाटलं आणि त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. ते सरळ उभे राहिले. "आवाज़ नहीं आई," असं आधी सहकाऱ्याला म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "मैडम, मशीन पे अपना नाम लिखवा लीजिए. और कॉन्ट्रैक्ट का काग़ज़ मेरे पास भेज दीजिए, आज ही."

सोसायटीत परतताना मी घरी जायच्या आधी बूथवर गेले. आईला सगळं सांगितलं. मीटरकडे पाहिलंच नाही. एन्झाईम, यंत्र, सुई, यातलं तिला किती कळलं देव जाणे, पण ती ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "म्हणजे त्याने सोलले नव्हते, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग एवढी साधी गोष्ट तू त्याला सांगितली कशी नाहीस?"

मी म्हटलं, "आई, तू मला कधी सांगितली होतीस?"

"तुला काय सांगायचं?" ती म्हणाली. "तू शेजारीच बसलेली असायचीस."